मामीची हातभर गोधडी

माझ्या मामीच्या हाती आख्खं नागपूर दिलं असतं, तर तिनं ते आधी टराटरा फाडलं असतं आणि मग जास्त चांगलं शिवून परत केलं असतं. माणसाकडे ती माणूस म्हणून पाहतच नसे. आज ना उद्या हाती लागणारं कापड म्हणून पाही. लग्नात सगळ्या बाया नवरीचे दागिने बघत, मामी नवरीच्या आत्याचा विरलेला पदर बघे. माझ्या अंगातल्या सदऱ्याची बाही दोन बोटांत धरून ती विचारी, "अजून किती दिवस घालतं गा हा?" आमच्या युनियनच्या मोर्चात ती सगळ्यांच्या पुढे चाले. मला वाटे, मामीत जाणीव आली. पण तिचा डोळा फलकाच्या कापडावर असे.

धरमपेठेतल्या एका महिला मंडळानं चिंध्यांच्या गोधडीची स्पर्धा ठेवली, तेव्हा मामीचा जीव त्यात अडकला. गोधडी हातभर लांबीची, लहान मुलांना गंमत वाटेल अशी हवी होती. जिची पहिली येईल तिला मंडळाच्या शिवणवर्गात शिकवायला ठेवणार होते. मामीनं शाळेची पायरी चढली नव्हती. ती मला हळूच म्हणाली, "मलेबी कोणी मास्तरीण म्हणन गा."

तिनं निवडणुकीत उरलेले सगळ्या पक्षांचे झेंडे जमवले. भगव्याचं संत्रं केलं, निळ्याचा हत्ती आणि आमच्या युनियनच्या लाल फलकाचा कोंबडा. मी पत्रकं वाचत वाढलेला मुलगा. माझं डोकं भणाणलं.

"मामी, या कापडावर 'एकजुटीचा विजय असो' लिहिलं होतं."

"असंन. विजयाचा कोंबडा झाला, एकजूट हत्तीच्या पोटात भरली. एवढ्यांले एका अंथरुणात कोणी निजवलं काय आजवर?"

गोधडी खरंच देखणी झाली होती. कोंबडा संत्र्यावर चोच मारत होता आणि हत्ती त्याच्याकडे तिरक्या डोळ्यानं पाहत होता.

पण गल्लीतल्या लेकरांना गोधड्या शिवून देणाऱ्या मामीचा एक नेम होता. वर लेकरू निजल्याशिवाय गोधडी पुरी झाली असं ती मानत नसे. स्पर्धेच्या आदल्या दुपारी तिनं ती शेजारणीच्या तान्ह्याखाली घातली. तान्ह्यानं आपलं काम केलं. मामीनं गोधडी धुतली आणि आमच्या फलकाचा स्वस्त लाल रंग सगळीकडे पसरला. हत्ती जांभळा झाला, संत्रं रक्ताळल्यासारखं दिसू लागलं. "लेकरू गाढ निजलं होतं," एवढंच ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी तीच गोधडी घेऊन निघाली.

परीक्षक बाईंनी ती चिमटीत उचलली. "ही वापरलेली आहे?"

"म्हणून तं आणली. बिनवापरल्या गोधडीचा काय भरोसा, बाई?"

बाईंनी ती बाजूच्या खुर्चीवर ठेवली. पहिली आलेली गोधडी दुकानातलं कोरं कापड कापून केली होती. कोऱ्या कापडाला चिंध्या म्हणायचं आणि चिंध्या नेसणाऱ्यांना दारात उभं करायचं, हा कुठला न्याय? मी बोलायला उठणार तोच मामीनं मला खाली बसवलं. "चूप राय. पाहू दे मले." ती पुढे गेली, बक्षिसाची गोधडी उलटी करून पाठ पाहिली, आणि म्हणाली, "मशीनचे टाके हायेत. पण सरळ हायेत."

मी घरी येऊन एक जळजळीत पत्रक लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. तिनं शांतपणे ऐकलं.

"त्यात माहं नाव काहून नाही गा?"

मी तिथं 'कष्टकरी स्त्री' असं लिहिलं होतं. पत्रक छापलं गेलं, वाटलं गेलं, त्यानं काहीही झालं नाही. शिवणवर्ग सुरू झाला. आमच्या गल्लीतल्या पोरी तिथं गेल्या आणि मशीन चालवायला शिकल्या. मामीनं त्यांना दोनदा हाक मारून पाहिली. "वं, बसा ना जरा, हातटाका दाखवतो." त्यांना वेळ नव्हता.

आता मामीला दिसत नाही. हिवाळ्यात कुणाचंही लेकरू जवळ आलं, की ती त्याच्या अंगावरची गोधडी चाचपते, टाक्यांवरून बोट फिरवते आणि स्वतःशीच म्हणते, "हा माहाच." तिची चूक कधी होत नाही. तसा टाका घालणारं गल्लीत दुसरं कोणी उरलेलंच नाही.