सख्ख्या भावाचा नमुना

आमगावच्या फलाटावर दादाने आधी माझी ट्रंक चढवली, मग डबा, मग मला. लग्नाला तीन दिवस झाले होते, मी एकोणीस वर्षांची होते आणि रेल्वेत नोकरी करणारा माझा नवरा आत जागा धरून बसला होता. डबा स्टीलचा, कडीचा. आईने तो रुखवतासाठी घेऊन त्यावर ‘कु. वनिता’ असं नाव टाकून घेतलं होतं. आत दशम्या आणि जवसाची चटणी. बाबा खिडकीशी आले आणि म्हणाले, “बोगदा ओलांडला का पानी बदलते. सांभाळून राहाजो.” बोगदा म्हणजे दरेकसाचा, त्याच्या पलीकडे तेव्हा मध्य प्रदेश होता, आता छत्तीसगड आहे. दादाने घरच्या विहिरीच्या पाण्याची बाटली आत दिली. गाडी हलल्यावर तो थोडा वेळ सोबत चालला, धावला नाही. तो कधीच कशामागे धावला नाही. मी आयुष्यभर धावत आले.

रायपुरात ब्राह्मणपारा नावाच्या वस्तीत दोन खोल्या मिळाल्या. एका पगारात भागेना, म्हणून मी स्टीलची भांडी पिशवीत घालून रेल्वे कॉलनीत दारोदार विकायला लागले. आज तात्यापाऱ्यात माझं भांड्यांचं दुकान आहे आणि ते मला कोणी दिलेलं नाही. भाव करताना माझा आवाज चढतो, हे सगळ्या बाजाराला ठाऊक आहे. घाऊक व्यापारी मला पाहिलं की आधी पाणी मागवतात. मुलीला मराठी समजते, पण उत्तर ती हिंदीत देते. माझंही आता गणित हिंदीत होतं आणि शिव्या छत्तीसगढीत. मराठी फक्त रागवायला आणि आठवायला उरली आहे. जे माझ्यासारखे बोगदा ओलांडून आले, त्यांना हे सांगावं लागणार नाही. जे तिकडेच राहिले, त्यांना सांगून पटणार नाही.

चाळिशी उलटल्यावर पोट बिघडलं. दिवसातून दहादा जावं लागे, रक्त पडे. वर्षभर सगळे मूळव्याध म्हणत राहिले आणि मी वर्षभर मूळव्याधीचीच औषधं घेतली. शेवटी दुर्बिणीने आतून तपासलं, तेव्हा कळलं की मोठ्या आतड्याला आतून सूज आहे, जखमा आहेत. अल्सरेटिव्ह कोलायटिस. शरीरातली संरक्षण करणारी फौज स्वतःच्याच आतड्यावर उठते, असं डॉक्टरांनी समजावलं. आजार जन्माचा, ताब्यात ठेवायचा. गोळ्या सुरू झाल्या, मग स्टिरॉइड. त्याने चेहरा पुरीसारखा फुगला आणि राग दुप्पट झाला. घरापासून दुकानापर्यंत कोणत्या ओळखीच्या घरी संडास आहे, हे मला पाठ झालं. पुरानी बस्तीतल्या एका देवळाच्या पुजाऱ्याने तर मला मागच्या दाराची किल्लीच देऊन ठेवली होती.

त्याच दिवसांत बाबा गेले. तेरवीला मी गावी गेले, आईच्या त्याच डब्यात इकडचे पेढे घेऊन. सकाळपासून चारदा उठावं लागलं. पंगतीत बसले आणि पाचव्यांदा उठले, तेव्हा कोणीतरी विचारलं, हिला झालं तरी काय. दादा वाढत होता. हातात वरणाची बादली, आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “दुखनं गिखनं काही नाही. राग आहे इचा. पोटात साठवून ठेवते, मंग असा निघते.” पंगत हसली. मी जेवले नाही. डबा तिथेच राहिला, मी संध्याकाळच्या गाडीने परतले. त्यानंतर अकरा भाऊबिजा झाल्या. एकीलाही मी गेले नाही आणि तोही आला नाही.

मागच्या वर्षी, ज्या दवाखान्यात माझे उपचार चालतात, तिथल्या एका तरुण डॉक्टरबाईंनी मला थांबवून घेतलं. त्या याच आजारावर संशोधन करत होत्या. त्यांना अशा जोड्या हव्या होत्या: एकाच आईची दोन मुलं, एकाच विहिरीचं पाणी प्यालेली, त्यातलं एक शहरात येऊन आजारी पडलेलं आणि दुसरं गावातच राहून धडधाकट. दोघांच्या आतड्यातले जिवाणू तपासून फरक कुठे पडला, ते पाहायचं होतं. अर्ज पुढे केला. घरात गुरं होती का? पिण्याचं पाणी कुठलं? गाव सोडताना वय किती? लग्न जमवतानाही कोणी मला इतकं विचारलं नव्हतं. खाली लिहिलं होतं: सख्ख्या भावंडाच्या शौचाचा नमुना आवश्यक.

मी विचारलं, यात माझा फायदा काय. त्या म्हणाल्या, काहीच नाही, आजचे तुमचे उपचारही बदलणार नाहीत. कदाचित पुढच्या रुग्णांना उपयोग होईल. इतका सरळ व्यवहार मी बाजारात पाहिलेला नाही. तरी सवयीने अट घातली: हा आजार रागाने होत नाही, असं मला सहीनिशी लिहून द्या. त्यांनी लिहिलं. पण वर आणखी एक वाक्य घातलं, की राग आणि ताण यांमुळे त्रास वाढू शकतो. ते वाक्य काढण्यासाठी मी पाऊण तास घासाघीस केली. पोरगी हलली नाही. “आंटी, आधा सच मैं नहीं लिखती,” म्हणाली. मी कागद असा दुमडला की आजार रागाने होत नाही एवढंच वाक्य दिसावं, आणि पर्समध्ये ठेवला.

अडचण एकच होती. माझं सख्खं भावंड एकच, आणि त्याच्याशीच बोलणं बंद. आठ दिवस मी फोन उचलत आणि ठेवत राहिले. मुलगी म्हणाली, “मम्मी, मामा से माल ही तो माँगना है, भाव करने बैठी हो क्या?” खरंच तसंच होतं. त्याने नाही म्हटलं तर काय बोलायचं, अट घातली तर किती सोडायचं, सगळं मी ठरवून ठेवलं होतं.

फोन वहिनीने उचलला. तिने माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “नमुना पाहिजे? हा येवढा मोठा नमुना घरी बसला आहे न. पुराच घेऊन जा, बाई.” मागून दादाचा आवाज आला, काय झालं म्हणून. तो फोनवर आला. मी तयारीचं सगळं बोलून टाकलं, एका दमात. त्याने एवढंच विचारलं, “ताजं लागते का?” मी हो म्हटलं. “मंग मी सकाळच्या गाडीनं आणतो.” संपलं. घासाघीस न करता माल देणाऱ्यावर मी कधी विश्वास ठेवलेला नाही. त्या दिवशी फोन ठेवल्यावर मला रागच आला.

आठवडाभरात तो खरंच आला. रायपूर स्टेशनावर उतरला तेव्हा त्याचे केस पूर्ण पांढरे झाले होते, ते मला कोणी कळवलं नव्हतं. हातात माझा डबा होता. कडी तीच, नाव तेच. दवाखान्याने कुरियरने गावी पाठवलेली थर्मोकोलची पेटी तिथे पोचेपर्यंतच चेपून फुटली होती, म्हणून वहिनीने माळ्यावरून हा काढला, बर्फ भरला आणि बंद बाटली त्यात ठेवली. मी भांडी विकते. या डब्यात आता कोणी काही खायचं ठेवणार नाही, हे आधी माझ्या लक्षात आलं, आणि त्याने तो दोन्ही हातांनी धरला आहे, हे नंतर. प्रयोगशाळेतल्या माणसाने बर्फ तपासला, बाटली घेतली, चिठ्ठी चिकटवली आणि डबा धुऊन परत दिला.

बाहेर चहा घेताना दादा म्हणाला, गाडीत डबा मांडीवरून खाली ठेवला नाही. डोंगरगडला चढलेल्या एका बाईने विचारलं, “भैया, टिफिन में क्या है, इतना सँभाल के?” मी विचारलं, तू काय सांगितलं. “काय सांगू? म्हटलं, घर का है. बहन के लिए.”

मला हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही. पर्समधून कागद काढून त्याच्यापुढे ठेवला. त्याने चष्मा लावला, घडी पूर्ण उलगडली आणि बोट ठेवून दोन्ही वाक्यं वाचली. मला त्याने दोन्ही वाचायला नको होती.

“म्हंजे अर्धा मी बराबर होतो,” तो म्हणाला.

माझा आवाज चढला. चहावाल्याने मान वर केली. मी म्हटलं, “अर्धा नाही. बादली हातात घेऊन सगळ्या पंगतीसमोर बोलला होतास तू.” त्याने कागदाची घडी घातली. मग म्हणाला, “तू उठून गेली, तुही पत्रावळ तशीच होती. मीनंच उचलली ते. मंग म्याही नाही जेवलो त्या दिवशी.”

हे मला अकरा वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. ही माफी नव्हे. माफीवरचा हक्क मी अजून सोडलेला नाही, पण ती मागायचं बंद केलं आहे. दुपारच्या गाडीने तो परत गेला. या वेळी फलाटावर मी चालले, गाडीबरोबर, थोडा वेळ.

संशोधनाचा निकाल अजून यायचा आहे. आला तरी आमची नावं त्यात नसतील. मी नवीन इंजेक्शनांवर आहे आणि त्रास बराच आटोक्यात आहे. कधीकधी वाटतं, बोगद्यापलीकडे राहिलेलं माझं जे काही होतं, ते शेतात नाही आणि विहिरीतही नाही. ते दादाच्या पोटात शाबूत आहे, आणि त्याचा थोडासा अंश इथे एका शीतपेटीत चिठ्ठी लावून ठेवलेला आहे.

डबा दुकानात वरच्या फळीवर असतो. परवा एका गिऱ्हाइकाची नजर त्यावर गेली. जुनं, जाड स्टील आता मिळत नाही, हे ओळखणारी बाई होती. भाव विचारला. मी नाही म्हटलं, तिने वाढवून सांगितला, मग आणखी वाढवला. या दुकानात मी आजवर कोणाला भाव न सांगता परत पाठवलेलं नाही.

“नहीं दीदी,” मी म्हटलं, “वो घर का है.”