किरकिरा आणि काटेकोर

नव्वदच्या दशकात बेंगळुरातल्या शिवाजीनगरच्या बसस्टँडमागे एक म्हातारा रफूवाला बसायचा. घराणं तीन पिढ्यांपासून तिथलंच, पण माझ्याशी मराठीतच बोलायचा, मधूनमधून कन्नड पेरत. नाव मी कधी विचारलं नाही.

मी वर्षभरापूर्वी पुण्याहून बदली होऊन आलो होतो. कारखान्यात माल तपासायचं काम. घरात सगळे मला किरकिरा म्हणत आणि मुलीने तर मला अभ्यासाची वही दाखवणंच बंद केलं होतं. मी स्वतःला काटेकोर समजत होतो.

खिळ्याला अडकून माझा कोट फाटला. त्याने कोटाच्याच आतल्या शिवणीतले धागे काढून रफू केलं. मी एका टाक्यावर बोट ठेवलं. "इथं दिसतंय. घरचे मला किरकिरा म्हणतात, पण मी काटेकोर आहे."

"सरी, बरं, बघतो," म्हणत त्याने कोट उजेडात धरला आणि सगळंच रफू उसवायला घेतलं.

"अहो, बाकीचं चांगलं होतं की!"

"तुम्हाला होतं, मला नव्हतं. स्वल्प बसा." सुईत धागा ओवत तो म्हणाला, "दुसऱ्याच्याच चुका दिसतात तो किरकिरा, साहेब. आधी स्वतःच्या दिसतात तो काटेकोर. नजर दोघांचीही तेवढीच तीक्ष्ण."

मला रागच आला. पण घरी गेल्यावर मी माझी कन्नड अक्षरं गिरवायची वही मुलीपुढे ठेवली. शाळेत कन्नड शिकून ती माझ्या कितीतरी पुढे गेली होती. "तपासून दे," म्हटलं.

तिने लाल पेन घेतलं आणि मोठ्या आनंदाने अकरा चुका काढल्या. मग उठली आणि दप्तरातून आपली वही घेऊन आली.