पांढरीची माती

आंजीच्या पलीकडे ज्या गावात मी इतिहास शिकवतो, त्याला लागून पांढरी आहे. म्हणजे जुन्या, मोडून गेलेल्या वस्तीचं टेकाड. माती राखेसारखी आणि पाऊल टाकाल तिथे खापरं. नववीच्या वर्गाला मी तिथे नेलं आणि दम भरला, की इथली चिमूटभर मातीसुद्धा हलवायची नाही. खापर जिथे पडलंय तिथेच ते काही सांगतं. राग माझ्या नाकावर असतो, त्यामुळे सगळे माना डोलावून मोकळे झाले. मनावर घेतलं ते एकाच मुलीनं.

दिवाळीच्या तोंडावर तिची आई शाळेत आली. गावातल्या बाया वर्षानुवर्षं याच मातीनं भिंती लिंपतात, हे बोरगावात सिमेंटच्या घरात राहणाऱ्या मला कुठलं ठाऊक असायला! गावभर घरं लिंपून झाली होती. भेगा उरल्या होत्या त्या एकट्या यांच्याच भिंतींना, आणि शेजारणी हसत होत्या.

"सर, पोरगी माती आणू देऊन नाई राह्यली," ती म्हणाली. "सण आला. तशाच ठेवू काय भिंती?"

मुलगी मागे मान खाली घालून उभी होती. चूक माझी आणि बोलणी ती खात होती. मला स्वतःचाच राग आला.

शनिवारी शाळा सुटल्यावर वर्ग घेऊन पांढरीवर गेलो. टेकाडाला हात लावला नाही. पावसात कडेची माती घसरून खाली आली होती, ती घेतली. मुलांनी घरच्या चाळण्या आणल्या होत्या. खापरं वेगळी काढायची, कुठल्या बाजूची ते वहीत लिहायचं आणि चाळलेली माती घमेल्यात. ती मुलगी सगळ्यांना दटावत होती, थेट माझ्या आवाजात. त्या दिवशी मला तिचं फार कौतुक वाटलं.

दिवाळीत त्या मुलीच्या घरच्यांनी फराळाला बोलावलं. भिंती गुळगुळीत झाल्या होत्या. आईनं तळहात माझ्यापुढे धरला. त्यावर जुन्या चिरांचे वण होते.

"दरसाली खापरानं हात फाटे, सर. यंदा नाई फाटला."

ज्या भांड्यांची ही खापरं, ती घडवणाऱ्या हातांबद्दल मी वर्गात तासभर बोलतो. हा हात माझ्या कधी ध्यानातच आला नव्हता. मला लाज वाटली. चिवड्याची ताटली माझ्याकडे सरकवत ती म्हणाली, "पुढच्या सालीही पोरायले धाडजा."