भरलेला वापस आलेला डबा

त्या प्रकरणाचा विषय निघाला की आजही माझं डोकं तापतं.

लातुरात तेव्हा गल्लोगल्ली शिकवणी वर्ग निघत होते. त्या वर्गांतल्या मुलांना डबे पोचवणारी एक बाई आमच्या पोलीस ठाण्यात आली. एका व्यसनमुक्ती केंद्रातही तिचे बारा डबे जात.

"मॅडम, दोन दिवस झाले, एक डबा भरलेला वापस येऊलालाय. इचारलं तर म्हणतेत, झोपलाय. दोन दिवस कोण झोपतंय?"

डायरीला नोंद केली, दोन शिपाई घेतले आणि निघाले. केंद्राच्या भिंतीवर बरे झालेल्यांचे हार घातलेले फोटो आणि वर पाटी: 'शंभर टक्के रिझल्ट'. संचालक आधी शिकवणी वर्गच चालवायचा.

"डॉक्टर कुठंय?"

"रविवारी येतेत. चहा सांगू का?"

"औषध कोण देतं?"

"औषधाची सवय लागती, मॅडम. आपली पद्धत इच्छाशक्तीची."

"पेशंट किती?"

"अकरा."

"मग बारावा डबा कोणाचा?"

त्याची नजर टेबलावरच्या किल्ल्यांकडे गेली. लपवणारा माणूस तोंड सांभाळतो, डोळे विसरतो.

किल्ल्या घेऊन कुलूप उघडलं, तर मागच्या खोलीत किल्लारीकडचा एक माणूस होता. भूकंपात घर गेलं, तेव्हापासून रोज पिणारा. अंग भट्टीसारखं तापलेलं, हात थरथरत होते, भिंतीवर नसलेले किडे वेचत होता. आमच्याच जीपमधून सरकारी दवाखान्यात नेला. डॉक्टर म्हणाले, "रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर औषधं लागतातच. उद्यापर्यंत हातचा गेला असता."

संचालकावर गुन्हा दाखल केला. तेवढ्यात पेशंटचा मोठा भाऊ, शाळामास्तर, माझ्यावरच तणतणत आला. "कशाला काढलं हो तिथून? एवढा रिझल्ट माझ्या पोरीच्या क्लासचा तरी हाय का?"

"सर, पोरीच्या क्लाससाठी किती ठिकाणी फिरलात?"

"पाच. दोन दिवस बसून शिकवणं बघितलं."

"आणि भावासाठी?"

"...पाटी बघितली."

नंतर भावाचा उपचार सरकारी दवाखान्यातच झाला. चार महिन्यांनी सर पुन्हा ठाण्यात. "मॅडम, तो परत प्याला. डॉक्टर म्हणतेत, असं होतं, घेऊन या. हा कसला रिझल्ट?"

मी कपाळावर हात मारला. व्यसन म्हणजे बोर्डाची परीक्षा नव्हे, हे शिकल्यासवरल्यांना समजावण्यात माझी अर्धी नोकरी गेली. केंद्र निवडताना डॉक्टर रोज असतो का, औषध कोण देतं, घरच्यांना कधीही भेटू देतात का, एवढं विचारलं तरी पुरे.

"सर, भाऊ कुठंय आत्ता?"

"बाहेर. रिक्षात बसलाय."

"जेवला?"

"हाव. दोन भाकरी खाल्ल्या."

"मग निघा. दवाखान्याची ओपीडी बंद व्हायच्या आत पोचा."