काकूचा लॅपटॉप आणि न आलेला कावळा

पान वाढून गच्चीवर ठेवलंय, कावळा शिवत नाहीये, आणि घरातलं कुणीतरी हात जोडून गेलेल्या माणसाला वचन देतंय — हे तुम्ही पाहिलं असेल. कदाचित स्वतः दिलंही असेल. मग मला एक सांगा, तेच वचन तो माणूस तुमच्या पंक्तीला बसून जेवत होता तेव्हा का दिलं नाहीत?

भांडायला विचारत नाहीये... खरं तर थोडं भांडायलाच विचारतेय. माझे बाबा रेल्वेच्या वर्कशॉपात होते आणि घरी पत्रकांचे गठ्ठे आणायचे — हुंड्याविरुद्ध, बुवाबाजीविरुद्ध, कामाच्या तासांबद्दल. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. भूतखेत, कौल, संकेत यांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आजही नाही. म्हणूनच हे लिहायला इतका वेळ लागला.

आम्ही बनारसचे मराठी. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. माझे काका राजा घाटामागच्या गल्लीत राहतात. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचं श्राद्ध, पिंडदान सांगणं हे त्यांचं काम. दोघे सख्खे भाऊ — एकाने पोथी धरली, दुसऱ्याने पत्रक — तरी दिवाळीचा फराळ कायम एकत्र. काकांना मूलबाळ नाही. काकू गेल्या वर्षी तापाचं निमित्त होऊन गेली.

काकूकडे माझा जुना लॅपटॉप होता. तिने त्याला खणाचा अभ्रा शिवला होता आणि कॅमेऱ्यावर टिकली चिकटवली होती. "परक्याची नजर नको बाई." दुपारी काका घाटावर गेले की ती त्यात स्वतःचा आवाज रेकॉर्ड करायची. श्राद्ध कसं करायचं ते, साध्या मराठीत, एकट्या बायकांसाठी. कारण आईच्या किंवा नवऱ्याच्या अस्थी घेऊन एकट्या येणाऱ्या बायका असतात, आणि काका त्यांना परत पाठवायचे. "कुणी पुरुष माणूस घेऊन या, मग करू."

यावरून दोघांचं वर्षानुवर्षं चालायचं.

"त्या पोरीनं आईला न्हाऊ घातलं, औषध पाजलं, शेवटी खांदाही दिला," काकू म्हणायची. "आणि पाणी सोडायची वेळ आली की तिचा हात चालत नाही?"

"शास्त्र काही मी नाही लिहिलं."

"नका लिहू. पण वाचताना डोळे तर उघडे ठेवा."

मग काका उपरणं खांद्यावर टाकून बाहेर. हे नेहमीचं.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा काकांचा फोन आला. "मनू, जरा येऊन देख ना. मशीन सुरू होतंय, पण दिसत काहीच नाही."

मी गेले. बटण दाबलं की पांढरा दिवा लागायचा, पंखा घरघरायचा, कीबोर्डही उजळायचा... स्क्रीन मात्र काळी. चार्जर काढून बटण बराच वेळ दाबून धरलं. ब्राइटनेस वाढवून पाहिला. मोबाईलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरला, कारण फक्त आतला प्रकाश गेला असेल तर चित्र अंधुक तरी दिसतं. काही नाही. शेजारच्यांच्या टीव्हीला केबलने जोडला. टीव्ही म्हणाला, सिग्नल नाही.

गोदौलिया बाजारातल्या दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिलं आणि मान हलवली. "मैडम, बोर्ड गया समझिए. और इसमें मेमोरी भी बोर्ड पर ही चिपकी है. डेटा नहीं निकलेगा."

घरी येऊन मी काकांना सांगितलं, नवीन घेऊ. ते चौरंगावर ठेवलेल्या त्या लॅपटॉपचा अभ्रा नीट करत बसले. मग म्हणाले, "तिचं ते रेकॉर्डिंग मी एकदाही ऐकलं नाही. तिच्याकडे फोन तो बटणांचा. दुसरीकडे कुठे तिचा आवाजच नाही गं." अभ्र्यावरून हात फिरवत म्हणाले, "विसरायला लागलोय मी. भांडणातले शब्द आठवतात, आवाज नाही आठवत."

याच्यापुढे कुठलं पत्रक काय सांगणार?

वर्षश्राद्धाच्या दिवशी दुपारी काकांनी गच्चीवर पान ठेवलं. ऊन कडक. खाली गंगा, वर पतंग, कठड्यावर माकडं. माकडांना हाकलायला मी काठी घेऊन बसले होते आणि मांडीवर तो लॅपटॉप. आशा नव्हती, चाळा होता. बटण दाबलं. दिवा, पंखा, काळोख. तसाच चालू ठेवला.

कावळा येईना. कबुतरं आली, एक खार आली. काकांनी हयातभर लोकांना सांगितलंय की कावळा शिवत नसेल तर गेलेल्याचं काही राहिलंय, ते बोला. आता ते स्वतः पानासमोर हात जोडून उभे राहिले.

"तुळशीला रोज पाणी घालीन," ते म्हणाले. "तुझ्या बहिणीला दरसाल साडी पाठवीन."

कावळा नाही.

"गॅसची शेगडी बदलीन."

"काका," मला राहवलं नाही, "शेगडीसाठी नाही अडली ती. काय राहिलंय ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. कावळ्याला कशाला मध्ये घालता?"

वाटलं, चिडतील. चिडले नाहीत. उपरण्याने तोंड पुसलं. मग अगदी हळू म्हणाले, "एकटी बाई आली तर परत नाही पाठवणार. तिच्याच हातून करवीन. घाटावर लोक काय बोलायचं ते बोलू देत."

आणि माझ्या मांडीवर उजेड पडला.

आधी कंपनीचं चिन्ह, मग काकूने लावलेला शिंदे घाटाचा फोटो. त्यात कलंडलेलं ते देऊळ. उन्हात फिकट, पण स्वच्छ. मी लॅपटॉप काकांकडे वळवला.

त्यांनी पाहिलं. पानाकडे वळून हात जोडले. "शिवला," एवढंच म्हणाले.

कावळा आला नव्हता. शेवटपर्यंत आलाच नाही. पान मग गाईला घातलं.

आधी सगळं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घेतलं, मग पहिली फाइल लावली. काकू, तिच्या त्या हिंदी मिसळलेल्या मराठीत — "बायांनो, घबरायचं नाही. पाणी सोडायला ओंजळ लागते, मिशा नाही लागत." काका हसले. हसताना डोळे पुसत होते. पुढे ती दर्भ कसा धरायचा ते सांगत होती आणि मध्येच थांबली. मागे जिन्यावर पावलं वाजली. "थांबा हं, हे आले वाटतं," ती कुजबुजली, "आवाज लहान करते."

काकांचं हसू गेलं. "माझ्या पावलांना भ्यायची?" त्यांनी मला विचारलं. मग त्यांनी ती जागा पुन्हा लावायला सांगितली. पुन्हा ऐकली.

संध्याकाळी लॅपटॉप बंद केला. त्यानंतर तो कधीही लागला नाही.

आता माझं स्पष्टीकरण. उन्हाने बोर्ड तापला, तडकलेला सांधा क्षणभर जुळला. होतं असं कधीकधी. हे पटावं म्हणून मी पुढे कितीतरी दुपारी त्याच जागी, तसाच मांडीवर घेऊन बसले. दिवा, पंखा, काळोख. दुरुस्तीवाला म्हणाला, "गर्मी से हुआ होगा." मग पुन्हा का होत नाही, विचारलं तर त्याने खांदे उडवले. आणि उष्णतेने लागला असं धरलं तरी त्याच वाक्याला का? योगायोग म्हणा. मीही तेच म्हणते. फक्त म्हणताना आवाज पूर्वीइतका ठाम लागत नाही... एवढंच.

गेल्या महिन्यात काकांनी मला मणिकर्णिकेवरून फोन केला. आईच्या अस्थी घेऊन नगरकडची एक बाई आली होती, एकटी. काकांनी तिला पायरीवर बसवलं आणि तिच्याच हातून सगळं करवलं. दोघा-तिघांनी टोमणे मारले. "पंडितजी, अब यही बाकी था?" काका म्हणाले, "हां भाई, यही बाकी था." मग त्या बाईला सगळं समजावं म्हणून त्यांनी मी मोबाईलवर भरून दिलेला काकूचा आवाज लावला. पूर्ण मोठा करून.

लॅपटॉप का लागला, मला माहीत नाही. त्यावर वाद घालू नका, मीही घालणार नाही. त्याऐवजी एक करा. तुमच्या घरात जी सगळ्यात शेवटी जेवते, आज तिच्यासमोर पाट घेऊन बसा. विचारा, "तुझं काय राहिलंय?" "काही नाही रे" म्हणेल. तरी उठू नका.