हेमांगीच्या फ्रॉकातली मोगरा

मोगराबाईने चाळिशी ओलांडली आहे. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी तिचा पाडा. वेठबिगारीत अडकलेली माणसं सोडवणारी बाई म्हणून वीटभट्टीमालक तिला ओळखतात आणि तिच्या नावाने बोटं मोडतात. पण बाजारात कुणी 'हेमांगी' अशी हाक मारली, की तिची मान अजून वळते.

हेमांगी तिची कुणीच नव्हती. धरणगावजवळच्या रतिलालशेठची ती बहीण, शाळकरी वयात तापाने गेलेली. मोगराचा बाप शेठच्या मळ्यात सालदार, वर्षाच्या बोलीवरचा गडी होता. शेठकडून आगाऊ घेतलेली उचल फिटायच्या आतच तो वारला. शेठ तिच्या आईला म्हणाला, "पोर ठेवून जा. काम करून फेडेल." आई रडत पाड्यावर गेली. मोगरा तेव्हा जेमतेम आठ वर्षांची.

शेठची म्हातारी आई, आक्का, डोक्याने भरकटली होती. मोगराला पाहताच तिने पोटाशी धरलं. "हेमांगी, कोठे गयथी व माय?"

त्या दिवसापासून पेटीतले जुने फ्रॉक मोगराच्या अंगावर आले. आक्कासमोर तिची वेणी घातली जाई, दूधभात मिळे. आक्काची पाठ वळली की शेणगोठा, भांडी, शेठाणीचे चिमटे. झोपायच्या खोलीला बाहेरून कडी. फ्रॉकांना डांबरगोळ्यांचा वास होता. तिला वाटे, ती मेलेली पोरगी कोपऱ्यात बसलीय, आपल्या अंगात शिरायची वाट बघत. हळूहळू पाड्यावरची पावरी बोली तोंडातून गेली. मग नावही गेलं.

दोनेक वर्षांनी एका दुपारी फाटकाशी एक बाई ओरडत आली. "मोगरा! ए मोगरा!"

ओट्यावर शेंगा सोलणाऱ्या पोरीने मान वर केली, बाईकडे पाहिलं आणि पुन्हा शेंगा सोलू लागली.

"आठे मोगरा नावनी पोर नही," शेठ म्हणाला.

बाई बराच वेळ पोरीकडे बघत राहिली. मग गेली.

संध्याकाळी भांडी घासताना मोगराला एकाएकी उमगलं. फाटकाशी आलेली ती बाई आपली आई होती!

दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम हेमांगी व्हायचं ठरवलं. शेठ बाहेर पडल्यावर आक्काला म्हणाली, "माय, माले शाळाले उशीर व्हई राहिना." आक्काने कनवटीची किल्ली काढली, फाटक उघडलं, तिच्या तोंडावरून हात फिरवला. "सांजले लवकर येजो."

विचारत विचारत मोगरा पाड्यावर पोचली. आईने भाकर वाढली. फाटकावरचं काहीच विचारलं नाही. मोगरालाही सांगता आलं नाही, की मी ओळख टाळली नव्हती, मला ओळखच उरली नव्हती. ते तसंच राहिलं. पुढे आई वारली. आक्का त्या सांजेला फाटकाशी किती वेळ उभी राहिली असेल, हेही मोगराबाईच्या मनातून जात नाही.

गेल्या उन्हाळ्यात नरडाण्याकडच्या एका वीटभट्टीवर ती सरकारी माणसांना घेऊन गेली. तिथली एक बाई जमिनीकडे बघत एकच म्हणे, "आम्ही सुखात आहोत." साहेब वैतागले. मोगराबाई तिच्याशेजारी मातीत बसली आणि तिच्या गावाकडच्या मोहाच्या झाडांबद्दल विचारू लागली. ऊन कललं तेव्हा कुठे ती बाई बोलू लागली, आणि बोलता बोलता ओक्साबोक्शी रडली.

सगळ्यांना सुटकेचे दाखले मिळाले. भट्टीमालकावरचा खटला अजून चालू आहे. त्या दिवशी निघताना साहेबांनी जीपमध्ये जागा देऊ केली, पण मोगराबाई टेम्पोत मागे, सुटलेल्या बायकांमध्ये जाऊन बसली.