पाइपावरचा डबा आणि दोन भाकरी

आमच्या हदगावच्या घरी मागच्या अंगणात अंघोळीच्या पाण्यासाठी बांधलेली एक चूल आहे. तिचा पाइप पत्र्याच्या वर बरोबर तीन फूट आहे, तोंडावर टोपी आहे आणि दर पंधरा दिवसांनी मी स्वतः आतली काजळी काढतो. बायको म्हणते, "पोलिसांचा पंचनामा झाल्याशिवाय आमचं पाणी तापत नाही." तिचं म्हणणं खोटं नाही. पण या सवयीमागे एक प्रकरण आहे आणि त्यातली एक गोष्ट मी आजवर कोणत्याही कागदावर लिहिलेली नाही.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. कार्यालयांवरच्या पाट्या नव्या होत्या, पण आमच्याकडच्या कोऱ्या फॉर्मांवर अजून उस्मानाबादच छापलेलं असे. आम्ही ते खोडून हातानं लातूर लिहायचो. मी शिरूर अनंतपाळच्या बाजूच्या एका ठाण्यात फौजदार होतो. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. गुन्हे म्हणाल तर टँकरच्या रांगेतली हाणामारी, कडब्याची चोरी आणि विहिरीवरून शिवीगाळ.

इथं एक कबुली द्यायला हवी. माझ्याच तुकडीतल्या एका मित्राला लातूर शहर मिळालं होतं. दर महिन्याच्या गुन्हे बैठकीत त्याचे दोन-तीन उघडकीला आलेले गुन्हे वाचून दाखवले जात आणि माझ्या नावापुढे कडबा येई. तो माझ्याशी नेहमी चांगलंच वागला. तरी त्याचं कौतुक झालं की माझ्या हातातला चहा कडू व्हायचा.

अशात एका दुपारी एस.टी.च्या कंडक्टरनं एका गावच्या पोलीस पाटलाची चिठ्ठी आणून दिली. एक बाई आणि तिची सहा वर्षांची मुलगी बंद घरात बेशुद्ध सापडल्या होत्या. पाण्याचा टँकर गावातच होता, त्याच्याच केबिनमध्ये घालून दोघींना निलंग्याच्या दवाखान्यात हलवलं होतं. चिठ्ठीच्या शेवटी लिहिलं होतं, 'घातपाताचा संशय आहे.' मी स्टेशन डायरीत चार वाजून पन्नास मिनिटांची नोंद केली. वेळ मिनिटापर्यंत लिहायची ही माझी पहिल्यापासूनची शिस्त.

गावात पोचलो तर लोक टँकरच्या पाण्यात विष होतं म्हणून घागरी उपड्या करायच्या बेतात होते. दुष्काळात पाणी ओतून देणारी माणसं मी तेवढ्या एकाच दिवशी पाहिली. दवाखान्यातून निरोप आला, विष नाही, कोंडलेल्या धुरानं गुदमरल्या आहेत, आणखी पाच-दहा मिनिटं गेली असती तर मुलगी हाती लागली नसती.

पोलीस पाटील म्हणाले, "धूर कुठला, सायेब? ही तर गावातली एकुलती एक निर्धूर चूल हाय!"

हकीगत अशी होती. घर दोन भावांचं, काटकोनात बांधलेलं, मधे भिंत घालून वाटलेलं. दोघे भाऊ रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जात. सरकारी योजनेतून गावाला नमुन्यादाखल एक निर्धूर चूल मिळाली होती. धाकटी सून सातवी शिकलेली, ग्रामसेविकेच्या बैठकांना जाणारी, म्हणून चूल तिच्या घरात बसली. थोरलीला धुरानं दमा जडलेला, डोळे कायम लाल. चुलीची गरज तिला जास्त होती. पण तिला कुणी विचारलं नाही.

चूल बसल्यापासून गावातल्या बाया धाकटीकडे पातेल्याचं बूड बघायला येत. शेजारच्या म्हातारीनं मला सांगितलं, "थोरलीच्या दारावरून जायच्या अन् नाक दाबायच्या. धाकली बी कमी न्हाई हो. म्हणायची, आक्का, तुमच्या घरातून कुणी आलं की वासावरनंच कळतंय."

"मग थोरली काय म्हणायची?"

"म्हणली ना चारचौघींत, घुसू दे एकदा हिच्या बी डोळ्यांत धूर."

तेवढ्यात आमचे जमादार माळवदावरून, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छपरावरून, खाली उतरले. त्यांच्या हातात तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा होता आणि काखेत पायलीएवढा धोंडा. "सायेब, चुलीच्या पाइपावर हा डबा उपडा घातलेला. बूड अगदी तोंडावर बसलेलं. वरून धोंडा. आपोआप न्हाई झालं हे." डबा थोरलीच्या अंगणातला निघाला. शिवाय त्या घरात सगळ्यांच्या आधी पोचली होती तीच. मुसळानं दार फोडून दोघींना तिनंच ओढून बाहेर काढलं होतं. गावाचा प्रश्न साधा होता आणि माझाही तोच होता. बंद दाराआड काय झालंय ते हिला कसं कळलं?

मी वर चढलो नाही. जमादारांच्या शब्दावर पंचनामा लिहिला, डबा आणि धोंडा मुद्देमाल म्हणून जमा केला आणि मनात कलम ३०७ मांडलं, खुनाचा प्रयत्न. दोन दिवसांत आरोपी निष्पन्न. पुढच्या बैठकीत हे वाचलं जाताना मित्राचा चेहरा कसा दिसेल, तेही मी बघून घेतलं.

दुसऱ्या दिवशी थोरलीचा जबाब घ्यायला बसलो. बाईला ठाण्यात बोलवायचं नाही हा नियम, म्हणून तिच्याच ओसरीवर. पोलीस पाटील आणि थोरलीची नणंद शेजारी बसले होते. आत तिची दोन लहान मुलं चिडीचूप बसली होती.

"डबा तुझा?"

"व्हय."

"पाइपावर तू ठेवलास?"

"न्हाई."

"मग कुणी?"

"ठाव न्हाई."

"दोघी आत पडल्यात हे तुला कसं कळलं?"

मी तोच प्रश्न चार तऱ्हांनी विचारला. ती जमिनीकडे बघत राहिली. नणंद म्हणाली, "वैनी, बोल की गं. हे तुला बेड्या घालून नेतील. पोरांना कोण बघंल?" तरीही नाही. खोटं बोलणारा माणूस सहसा काहीतरी उत्तर देतो, हे मला नोकरीत तोवर कळलेलं होतं. गप्प बसणाऱ्याकडे बहुतेक वेळा खरं असतं आणि ते सांगायची लाज असते. पण त्या दिवशी हे मला आठवायचं नव्हतं. ठाण्यात परतून मी लातूरला पाठवायच्या वायरलेस संदेशाचा मसुदा लिहिला.

तो गेला नाही याचं कारण माझा चिकित्सकपणा. पंचनाम्यात पाइपाची उंची 'अंदाजे' अशी लिहिलेली होती. हा शब्द मला डोळ्यात खड्यासारखा सलतो. सकाळी टेप घेऊन मी परत त्या गावी गेलो आणि या वेळी स्वतः माळवदावर चढलो. चूल बसवणाऱ्या गवंड्यालाही बोलावून घेतलं.

पाइप छपराच्या वर फक्त सव्वा फूट होता. "किती पाहिजे?" मी विचारलं.

"तीन फूट, सायेब."

"अन् टोपी?"

"पुढच्या खेपेला आणतो म्हणलं व्हतं."

खाली येऊन छताशी पाहिलं, तर पाइप आडव्या लाकडी कडीपासून दोन बोटांवर होता आणि कडीची कड करपून काळी झाली होती. तिथं वीतभर जागा सोडून मधे माती भरायला हवी होती. गवंडी मान खाली घालून म्हणाला, "पाइप कमी आला व्हता. वाचवून वाचवून बसवला." म्हणजे कुणाचा हेतू नसतानाही ही चूल एक दिवस घर जाळणारच होती.

मी पुन्हा वर गेलो आणि कंबरेवर हात ठेवून सगळीकडे नजर टाकली. तेव्हा जे दिसलं ते पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं. थोरलीच्या स्वयंपाकघरावरही धूर आणि उजेडासाठीचं भोक होतं. त्यावर असाच एक डबा उपडा आणि असाच एक धोंडा. त्यापुढच्या गोठ्याच्या भोकावर फुटकं घमेलं, त्यावरही धोंडा. जावेला मारायला निघालेली बाई स्वतःचंही भोक का झाकेल?

मी वरूनच ओरडून विचारलं, "ही भोकं कोण झाकतं?"

अंगणात बाजेवर बसलेला म्हातारा सासरा ऐकायला कमी होता. नणंदेनं कानाशी जाऊन सांगितलं. तो उठून उभा राहिला. "मीच की! दुसरं कोण झाकणार? त्या दिशी आभाळ आलं व्हतं न्हवं का!"

त्या दिवशी दुपारी वावटळ सुटली होती आणि मागून काळं आभाळ आलं होतं. या भागात आभाळ आलं की घरातला जाणता माणूस माळवदावर जातो आणि भोकं झाकतो. पाणी आत येऊ नये म्हणून. म्हातारा चाळीस वर्षं हेच करत आला होता. जुन्या चुलीचं भोक झाकलं तर धूर दारातून जातो, माणसं खोकतात, एवढंच होतं. नव्या चुलीचा पाइपही त्याच्या लेखी एक भोकच होतं. दोन वर्षांनी पाऊस येणार म्हणून तो काठी टेकत, आनंदानं वर गेला होता. खाली धाकटीनं धुळीसाठी दार-खिडकी लावली होती, चुलीत गोवऱ्या घालून मंद आचेवर डाळ ठेवली होती आणि लेकीला घेऊन जरा आडवी झाली होती. पाऊस आला नाहीच, आणि त्या गोंधळात उरलेली भोकं उघडायला कुणी वर गेलं नाही.

त्या दोन दिवसांत आम्ही गावात सतरा जणांना विचारलं होतं. भांडण कुणाचं, बोलणं काय झालं, हे सगळं विचारलं. म्हाताऱ्याला कुणी काही विचारलं नाही, कारण त्याचं कुणाशी भांडण नव्हतं.

एक प्रश्न मात्र उरलाच होता. मी नणंदेला आणि पोलीस पाटलांना जरा लांब बसायला सांगितलं आणि थोरलीला म्हणालो, "बाई, डबा कुणी घातला ते कळलं. तुझ्यावर गुन्हा नाही. आता सांग, तुला कसं कळलं?"

तिनं पदराचं टोक पिळलं. मग म्हणाली, "मी रोज बघत असते, सायेब."

"काय?"

"तिचा पाइप. सकाळी कवा धूर निघतो, किती निघतो. माझ्या चुलीम्होरनं खिडकीतून दिसतंय. माझे डोळे पाण्यानं भरायचे, अन् तिचा धूर असा सरळ वर जायचा, शाण्यासारखा. लई जळायचं मला. त्या दिशी बघितलं तर पाइपावर डबा. धूर न्हाई."

"मग?"

"मग... म्हणलं, ठसकू दे जरा. कळू दे हिला. मी भाकरी थापत व्हते. एक थापली. दुसरी थापली. म्हणलं, आता खोकत भाईर येईल, आता येईल. पर ठसका बी ऐकू येईना. तवा पळाले." तिनं पहिल्यांदाच वर पाहिलं. "हे कागदावर लिवणार का, सायेब? तिला कळंल?"

मी पेन हातात धरून बसलो. कायद्यात याला कलम नव्हतं. तिनं काही केलं नव्हतं. जे केलं ते दोन जीव वाचवणारंच होतं, आणि वाचवू शकली तीही त्या जळफळाटानंच. गावात त्या पाइपाकडे तिच्याइतकं टक लावून बघणारं दुसरं कुणी नव्हतं. पण मधे त्या दोन भाकरी होत्या.

मी लिहिलं, 'पाइपावर डबा असल्याचे पाहिले व नंतर धावत गेले.'

प्रकरण अपघात म्हणून बंद झालं. वायरलेसचा मसुदा मी फाडला. निरीक्षकांनी कागद चाळताना त्या ओळीवर बोट ठेवलं. "तुम्ही तर मिनिटं लिहिता. नंतर म्हणजे किती?"

"वेळ निश्चित करता आली नाही, साहेब."

नोकरीत वरिष्ठांना मी एवढंच एक खोटं सांगितलं. कारण त्याच आठवड्यात घरी बायकोला दोन भाकरी करायला सांगून मी घड्याळ लावलं होतं. चार मिनिटं दहा सेकंद. हा आकडा मी कुठंच लिहिला नाही. आज इथं पहिल्यांदा लिहितो आहे.

थोरलीला मोजताना मला स्वतःलाही मोजावं लागलं. तिनं चार मिनिटं घेतली आणि उठून धावली. मी दोन दिवस घेतले. माळवदाची शिडी माझ्यासमोर होती, पण मित्राचा पडलेला चेहरा बघायच्या घाईत मी तिच्यावर पाय ठेवला नाही. 'अंदाजे' हा शब्द सलला नसता तर दोन लेकरांची आई मी आत टाकली असती आणि बैठकीत शाबासकी घेतली असती. माणूस कुणावर जळतो हे कळलं की तो काय करू शकेल हे कळलं, असं मी तोवर समजत होतो. त्या प्रकरणानंतर मी आरोपीआधी शिडी शोधायला लागलो.

बदलीच्या आधी एकदा त्या गावावरून जाणं झालं. माळवदावर दोन पाइप होते, दोन्ही तीन फुटी, दोन्हींवर टोप्या. दुसरी चूल धाकटीनं ग्रामसेविकेच्या मागं लागून थोरलीच्या नावानं मंजूर करून घेतली होती. थोरलीनं चहा ठेवला. भिंतीपलीकडून आवाज आला, "आक्का, तुमच्या पाइपातून आज लईच धूर निघतोय. पाव्हणे आलेत काय?"

"तुला काय करायचंय गं? सारखं माझ्या पाइपाकडं डोळा!"

"कुणाचा तरी असलेला बरा," भिंतीपलीकडून उत्तर आलं.

थोरलीच्या हातातली चहाची बशी थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली, मी काही सांगितलं नव्हतं. तिनं बशी माझ्यापुढे ठेवली आणि खिडकीतून धाकटीच्या पाइपाकडे नजर टाकली. धूर सरळ वर जात होता.